आकडा तोच आहे, फरक टाकीपाशी आहे

इंद्रायणीवर फेस आला की आमच्या जुन्या ग्रुपवर दरवेळी तोच वाद पेटतो, एक गट म्हणतो प्लेटिंगवाल्यांना, म्हणजे पार्टवर क्रोम-निकेलचा मुलामा चढवणाऱ्यांना, टाळं ठोका, दुसरा म्हणतो जर्मनीसारखे नियम लावले तर भोसरीतले लहान शेडवाले मरतील. फेसात मैलापाणी किती आणि कारखान्यांचं किती ते बाजूला ठेवू, मी सहा वर्षं भोसरीत क्रोम लाईनवर काढली आणि आता स्टुटगार्टजवळ तेच काम करतो म्हणून नियमांबद्दल लिहितोय.

अहो, नियम आपल्याकडे आहेतच की. प्लेटिंगच्या सांडपाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर नको, हा आकडा इथेही तोच आणि आपल्याकडेही तोच, सायनाइडचा ०.२ पण सेम. निकेलमध्ये आपण सैल आहोत, मान्य.

फरक टाकीपाशी आहे. इथे जिग, म्हणजे पार्ट अडकवलेली चौकट, बाथमधून, म्हणजे क्रोमच्या द्रावणाच्या टाकीतून, वर आला की टाकीवरच निथळत ठेवतात, थेंब पडायचे थांबले की मगच पुढे, मग एकामागोमाग तीन रिन्स, म्हणजे पाण्यातून धुणं, आणि पहिल्या रिन्सचं पिवळं पाणी परत बाथमध्ये, म्हणजे ईटीपीकडे, सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटकडे, जातंच कमी. आमच्याकडे नगावर पैसे, निथळायला कोण थांबणार, जिग टपटपत तसाच पुढे आणि फरशी कायम पिवळी. ईटीपी होता, क्रोमियमचं विष मारायला बायसल्फाइट सोडणारा डोसिंग पंप पण होता, चालायचा साहेब येणार असले की.

बाथवर मामा होते, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. बाथवरचा एक्झॉस्ट बंद असायचा, वीज वाचते म्हणून, मामा ओला रुमाल बांधायचे, उन्हाळ्यात नाकातून रक्त यायचं. शेवटी डॉक्टरनी टॉर्च मारला तर एका नाकपुडीतला उजेड दुसरीतून दिसला, पडद्याला आरपार भोक. युरोपात जानेवारी २०२५ पासून कामाच्या जागी हवेत या क्रोमियमची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, ती मामांसारख्यांसाठीच आहे.

आणि इथलं सगळं छान असंही नाही हं. क्रोमची वाफ दाबायला वर्षानुवर्षं बाथमध्ये पीएफओएस नावाचं रसायन घातलं, ते काही केल्या विघटित होत नाही, आता त्याचं निस्तरणं चालू आहे. क्रोमिक ॲसिड, म्हणजे बाथमधलं मुख्य रसायन, वापरायला युरोपात २०१७ पासून परवानगी लागते पण बाहेर क्रोम केलेला पार्ट आणायला लागत नाही, म्हणजे चकचकीत पार्ट यांना आणि वाफ दुसऱ्याच देशातल्या कुणाच्यातरी नाकात, याचा मला खरंच राग येतो.

टाळं ठोकून हे काम थांबत नाही, शेड बदलते फक्त. लहान शेडला एकट्यानं ईटीपी चालवणं झेपत नाही हेही खरं, तिथे सामायिक प्लँट आणि टँकरच पाहिजे. पण निथळायला आणि पंखा चालू ठेवायला कुठलं अनुदान लागतं?

मामांच्या जागी आता त्यांचा पुतण्या आहे. दिवाळीत गेलो तेव्हा विचारलं, पंखा चालू असतो का रे? म्हणाला, असतो की दादा, दिवसपाळीला.