सक्तीच्या भरतीने दूरची युद्धं थांबत नाहीत

‘अमेरिकेत सक्तीची लष्करभरती १९७३ मध्ये बंद झाली आणि तेव्हापासून लोकांना दूरच्या युद्धांचं काही वाटेनासं झालं. राष्ट्रसेवा सक्तीची करा, घराघरातली मुलं गणवेशात जाऊ द्यात, मग अफगाणिस्तानसारखं युद्ध वीस वर्षं चालणारच नाही.’ हा युक्तिवाद पुन्हा पुन्हा केला जातो आणि करणारी माणसं बहुतेक कळकळीची असतात. त्यांची तक्रार मलाही मान्य आहे. २००१ ते २०२१ या काळात मोजकीच कुटुंबं आपली माणसं परत परत रणांगणावर पाठवत राहिली, बाकीच्या देशाला झळही लागली नाही. चुकतोय तो उपाय.

‘भरती सक्तीची असती तर युद्ध सुरूच झालं नसतं.’ ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनाममध्ये बळ वापरायची अध्यक्षांना मोकळीक देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध ० आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला, तेव्हा भरती सक्तीचीच होती. कोरियाच्या वेळीही होती. पोर्तुगालने सक्तीने भरती केलेल्या मुलांच्या जिवावर १९६१ ते १९७४ अशी तेरा वर्षं आफ्रिकेत वसाहतींची युद्धं लढवली.

‘पण व्हिएतनाम थांबलं ते भरतीच्या धास्तीनेच ना?’ धास्तीमुळे विद्यापीठं पेटली, हे खरं. डिसेंबर १९६९ मध्ये जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून कोणी आधी जायचं ते ठरलं, तेव्हा तर ती घराघरात शिरली. पण अध्यक्ष निक्सन यांच्या सरकारने त्यावर काय केलं ते पाहा. पायदळ टप्प्याटप्प्याने मागे घेतलं आणि आकाशातून मारा चालू ठेवला. कंबोडियावरचे बॉम्बहल्ले मार्च १९६९ पासून लोकांपासून आणि संसदेपासून लपवून चालले होते. डिसेंबर १९७२ मध्ये, अमेरिकेचे बहुतेक सैनिक घरी परतलेले असताना, हनोई आणि हायफाँगवर बी-५२ विमानांनी बॉम्ब टाकले. सक्तीची भरती आपल्या मुलाची काळजी जागी करते, बॉम्बखाली सापडलेल्या परक्या मुलाची करेलच असं नाही. व्हिएतनाममध्ये ५८,००० हून अधिक अमेरिकी सैनिक मेले, व्हिएतनामी माणसं लाखोंनी. ज्या बेफिकिरीबद्दल आपण बोलतोय, तिच्यात ही माणसं धरायची की नाही? मला वाटतं, आधी तीच धरायला हवीत.

‘ओझं तरी सगळ्यांवर सारखं पडेल.’ तेव्हाही पडलं नाही. कॉलेजात असलेल्यांना वर्षानुवर्षं सवलत होती, आणि कॉलेज कोणाला परवडत होतं हे सांगायला नको. शिवाय सक्ती असूनही सरकार त्या मुलांना दूर न पाठवता पगारी सैनिक पाठवू शकतं. इंडोचायनात फ्रान्सने तेच केलं. जर्मनीत सक्तीची भरती २०११ पर्यंत होती आणि जर्मन सैन्य २००२ पासून अफगाणिस्तानात होतं. तिकडे नियमित सैनिक गेले आणि भरती झालेल्यांपैकी स्वतःहून मुदत वाढवून घेतलेले.

‘लोक बेफिकीर आहेत.’ १५ फेब्रुवारी २००३ रोजी इराक युद्धाविरुद्ध जगभरच्या शहरांत लाखो लोक रस्त्यावर उतरले. अमेरिकेतही उतरले, आणि तिथे सक्तीची भरती बंद होऊन तीस वर्षं होत आली होती. त्यांचं कोणी ऐकलं नाही. पुढे लोकांचं लक्ष उडालं, कारण ते उडेल अशीच व्यवस्था होती. व्हिएतनामसाठी १९६८ मध्ये आयकरावर दहा टक्के अधिभार लावावा लागला होता. २००१ आणि २००३ मध्ये उलट कर कमी केले आणि युद्ध कर्जावर चालवलं. अमेरिकेतल्या डोव्हरच्या हवाई तळावर उतरणाऱ्या सैनिकांच्या शवपेट्यांचे फोटो काढायला १९९१ पासून २००९ पर्यंत बंदी होती. सप्टेंबर २००१ मध्ये संसदेने बळाच्या वापराला दिलेल्या परवानगीवर मुदतच नव्हती. दोन्ही सभागृहांत मिळून तिच्या विरोधात एकच मत पडलं, प्रतिनिधीगृहाच्या सदस्य बार्बरा ली यांचं. त्याच कागदावर पुढचे अध्यक्ष अफगाणिस्तानच्या बाहेरही कितीतरी देशांत कारवाया करत राहिले.

राष्ट्रसेवेला माझा विरोध नाही. जर्मनीत लष्कराला नकार देणारे तरुण रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत काम करत, त्याचं मोल मोठं होतं. राष्ट्रसेवा त्या कामासाठी मागा. युद्धाला लगाम हवा असेल तर प्रत्येक युद्धाचा खर्च त्याच वर्षीच्या करातून वसूल करण्याचा आणि परवानगी दर दोन वर्षांनी नावानिशी मतदान करून नव्याने घेण्याचा कायदा मागा.