“सी टच” म्हणून पैसे घेतले या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू रात्री वाचला, बायकोलाही वाचून दाखवला कारण बुकिंगचे फोन तीच घेते. एक स्टार दिलाय आणि तीन तक्रारी लिहिल्यात, सी टच सांगून गणपतीपुळ्याजवळ आमच्याकडनं भाड्यानं घेतलेला ट्रेलर (गाडीमागं ओढत न्यायचं, आत राहायचं चाकांवरचं घर) नारळाच्या वाडीत लावायला लावला, संध्याकाळी तुम्ही तो पुळणीवर, म्हणजे समुद्राकडेच्या वाळूवर, नेला तर वाडीवाल्यांनी ओरडून परत आणायला लावला, आणि रात्री एसी चालला नाही.

पहिली चूक माझी आहे. पेजवर “सी टच” मीच लिहिलं होतं आणि फोटो वाडीच्या पुढच्या कुंपणापाशी उभं राहून काढलेला, त्यात समुद्र दारातच वाटतो. प्रत्यक्षात ट्रेलर लागतो तिथून सुरूच्या झाडांमधनं पाच मिनिटं चालत जावं लागतं, खिडकीतनं पाणी दिसत नाही, लाटांचा आवाज तेवढा येतो. पोरं समुद्र दिसणार म्हणून सोलापूरपासून अख्खा दिवस गाडीत बसून आली आणि पडदा सरकवला तर झावळ्या, वाईट वाटणारच. तो फोटो आजच काढून टाकला.

पण पुळणीच्या बाबतीत मी वाडीवाल्या काकांच्या बाजूनं आहे. आपल्या सोलापूरकराला पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव नाहीतर उजनी, ते सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं, समुद्राचं तसं नाही ओ. तुम्ही होता तो दिवस पौर्णिमेचा. किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशोब असाय की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे रात्री सव्वाअकराच्या आसपास पाणी पूर्ण चढणार आणि त्याआधी सहा तास, पाचच्या सुमाराला, पूर्ण ओसरलेलं. तुम्ही नेमकं पाचला बघितलंत. तेव्हा ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी कडक लागते, लांबपर्यंत मोकळं दिसतं, कुणालाही वाटेल इथंच मुक्काम टाकू. त्यात पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी इतर दिवसांपेक्षा वर येतं. ट्रेलरचं एक चाक रुतलं की तो ओढायला जाणारी गाडीपण रुतते, आणि पोरं आत झोपलेली असती. काका चढ्या आवाजात बोलले, घरच्या बायकांसमोर तसं बोलायला नको होतं, त्याबद्दल मी माफी मागतो. पण गाडी काढायला लावली ते बरोबरच केलं.

पाण्याला अजून जवळची जागा का देत नाही असंही विचारलंय. दोन हिवाळे मी गुहागरपासून तारकर्लीपर्यंत जागा बघत फिरलोय. समुद्राच्या अगदी कडेच्या वाड्यांना जायची वाट म्हणजे दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आणि मधनं एक रिक्षा जाईल एवढी पाणंद, ट्रेलर वळतच नाही, आणि एकदा आत घुसला की रिव्हर्स घेणं म्हणजे ताप. भरतीरेषेजवळ पक्कं बांधकाम करायला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे सरकारी, नियम आडवे येतात, १९९१ पासून आहेत, त्यामुळं पाणी, संडास, लाईट या सोयी मागं वाडीतच सापडतात. आरे-वारेचा समुद्राकडेचा रस्ता सोडून निवळी-जाकादेवीवरनं पाठवलं तेपण याचसाठी, मागं ट्रेलर असताना तिथले चढ आणि वळणं नको वाटतात. ट्रेलर सोडून नुसती गाडी घेऊन जाऊन या असं चिठ्ठीत लिहिलं होतं, तुमचं ते राहून गेलं बहुतेक.

एसीचं खरंय. वायर घरापासून लांब ओढलेली, व्होल्टेज पडत होतं. काकांना जाड वायर आणि वेगळा पंधरा अँपिअरचा पॉइंट घ्यायला सांगितलंय, खर्च माझा. आणि रात्री फोन उचलला गेला नाही, दुसरा ट्रेलर आंबा घाटात अडकलेला म्हणून तिकडं होतो, पण तुम्हाला त्याचं काय, उचलायला पाहिजे होता.

एका रात्रीचं भाडं परत करतोय, बुकिंग केलं त्याच नंबरवर यूपीआय टाकतो. आता पेजवर प्रत्येक जागेपुढं पाण्यापर्यंत चालत किती मिनिटं, खिडकीतनं समुद्र दिसतो का नाही आणि शेवटची वाट किती रुंद, हे लिहायला घेतलंय, चार जागांचं झालं, बाकीचं या आठवड्यात करतो. खिडकीतनं समुद्र दिसेल अशी एकच जागा माझ्याकडं आहे, मालवणच्या बाजूला, जरा उंचावर, पण तिथं एकावेळी एकच ट्रेलर मावतो. पोरांना तिथं न्यायचं असेल तर सांगा, दिवाळीनंतरच्या तारखा अजून कुणाला दिल्या नाहीत.