फोनला ऐकवलं की जाहिरातीतल्या गाण्याचं नाव येतंच? बघू या

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला सहा ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा: 'टीव्हीवरच्या कुठल्याही जाहिरातीतलं गाणं ॲपला ऐकवा, पाच सेकंदांत नाव येतं. नाव आलं नाही तर समजा गाणं चोरीचं आहे, कंपनीने लपवलंय. तीस सेकंदांच्या आत गाणं वापरलं तर परवानगी लागत नाही, म्हणूनच जाहिराती तीस सेकंदांच्या असतात. आणि ॲप दाखवेल तेच मूळ गाणं.' खाली 'जनहितार्थ' आहेच.

परभणीला बसस्टँडजवळ माझं मोबाईलचं दुकान आहे. लोक मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायला यायचे तेव्हापासूनचं. (त्या धंद्याच्या कायदेशीरपणाबद्दल आत्ता नको.) 'दादा, ते घड्याळाच्या ॲडमधलं म्युझिक भरा की' ही फर्माईश मी इतक्यांदा ऐकलीय की हा मेसेज वाचून गप्प बसवेना.

पहिलं, 'कुठलंही गाणं'. ॲप गाणं ओळखत नाही, रेकॉर्डिंग ओळखतं. मेसेजचा निम्मा डोलारा इथंच कोसळतो. गाणी ओळखणाऱ्या ॲपांपैकी एक म्हणजे शझाम. ते २००२ साली ब्रिटनमध्ये सुरू झालं तेव्हा ॲप नव्हतंच. लोक २५८० हा नंबर लावायचे, म्हणजे कीपॅडची मधली उभी ओळ, फोन स्पीकरकडे धरायचे आणि जरा वेळाने एसएमएसवर नाव यायचं. आतली रीत मुळात अजून तीच आहे. आवाजाचा एक नकाशा काढायचा, कोणत्या क्षणाला कोणता सूर सगळ्यात ठळक लागलाय त्याचे ठिपके मांडायचे. ठिपक्यांच्या जोड्या आणि त्यांच्यातलं अंतर हा त्या रेकॉर्डिंगचा अंगठा. साठवलेल्या अंगठ्यांपैकी एखाद्याशी तो जुळला की नाव येतं. म्हणून बाहेर काळीपिवळीवाला 'जिंतूर, जिंतूर' ओरडत असला तरी बिघडत नाही, ठळक ठिपके त्या गोंगाटातूनही डोकं वर काढतात. पण तेच गाणं दुसऱ्या कुणी गायलं, नव्या वाद्यांवर वाजवलं, की ठिपके हलले आणि अंगठा बदलला.

आता जाहिरातवाले नेमकं हेच करतात. जुनं गाणं घेतात आणि नव्या आवाजात गाऊन घेतात. एकच जाहिरात हिंदीत एक गायक गातो, मराठीत दुसरा. हिंदी सापडेल, मराठी सापडेलच असं नाही. ते घड्याळाचं म्युझिक म्हणजे टायटनची धून. ती मोत्झार्ट या युरोपातल्या संगीतकाराच्या २५ क्रमांकाच्या सिंफनीची, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या रचनेची, सुरुवात आहे, 'जी मायनर' या पट्टीतली, १७७३ सालची. ती लिहिली तेव्हा पठ्ठ्या सतरा वर्षांचा होता. जगभरातल्या वाद्यवृंदांनी ती वाजवलीय, प्रत्येकाचा अंगठा वेगळा, आणि जाहिरातीतला तर त्याहून वेगळा. तिथं ॲपने हात टेकले तर त्यात नवल काय?

दुसरं, 'नाव नाही म्हणजे चोरी'. नाव न येण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे ते गाणं म्हणून कधी बाजारात आलेलंच नसतं. लिरिलची ती 'ला ला ला' वनराज भाटियांनी साबणासाठीच बांधली. एअरटेलची धून ए. आर. रहमान यांनी २००२ साली कंपनीसाठीच केली. अशा गाजलेल्या धुना पुढे कुणी ना कुणी इंटरनेटवर चढवतो, मग सापडतात. पण मे महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, लोकल केबलवर बियाण्याच्या ज्या जाहिराती लागतात त्यांच्या गाण्यांचं काय? संबळ, तुणतुणं, गोंधळाची चाल आणि कपाशीच्या वाणाचं नाव. ते एखाद्या छोट्या स्टुडिओत दुपारभरात होतं आणि हंगामानंतर संपतं. त्याची नोंद कुठल्या ॲपकडे असणार? ते चोरीचं नाही, नुसतं बेवारशी आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यात खोटा, आणि लोक सगळ्यात जास्त तोच मानतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तीस सेकंदांची अशी कुठलीही सूट नाही. दहाचीही नाही. खाजगी वापर, समीक्षा, बातमी यांसाठी काही मोकळीक आहे, पण साबण विकणं त्यात बसत नाही. जाहिरातवाल्याला चालीचे आणि शब्दांचे हक्क वेगळे मिटवावे लागतात, रेकॉर्डिंगचे वेगळे. मोत्झार्टची चाल आज कुणाच्याही मालकीची नाही, पण एखाद्या वाद्यवृंदाने वाजवलेलं रेकॉर्डिंग प्रकाशित झाल्यावर आपल्याकडे साठ वर्षं हक्काखाली राहतं. आणि जाहिराती आखूड का? टीव्हीवरची वेळ दहा-दहा सेकंदांच्या दराने विकली जाते. सेकंदाला पैसे पडतात हो, कायद्याचा काय संबंध?

चौथं, 'दाखवेल तेच मूळ'. सेलच्या दिवसांत रिक्षावर भोंगा लावून गाणं फिरतं, चाल सिनेमाची, शब्द कापड दुकानाचे. एकदा गंमत म्हणून फोन धरला, तर कराओके ट्रॅकचं नाव आलं. ॲपचं काही चुकलं नाही. त्याने खालचं संगीत बरोबर पकडलं, वर गाणारा मात्र आमच्याच गल्लीतला होता.

मग करायचं काय? एखादी ओळ ऐकू आली असेल तर ती जशीच्या तशी, अवतरणचिन्हांत टाकून शोधा, मागे कंपनीचं नाव जोडा. कंपनीच्या यूट्यूब चॅनेलवर पूर्ण जाहिरात काढा, खालच्या मजकुरात कधी कधी संगीतकाराचं नाव असतं. शब्द नसतील तर गुणगुणा. गूगलमध्ये २०२० पासून ती सोय आहे. ती रेकॉर्डिंग नाही, चालीचा चढउतार जुळवते, म्हणून बेसूर माणसालाही उत्तर मिळतं. फक्त एक नाव येत नाही, चार-पाच येतात, शेजारी टक्के लिहून. टक्के बघून निकाल लावू नका, लावून ऐका.

मागच्या हंगामात मानवतकडचे एक मामा आले. कपाशीच्या जाहिरातीतलं गाणं पाहिजे म्हणाले. शझामला ऐकवलं, काही नाही. मग मामांनी काउंटरवर ताल धरून अख्खं म्हणून दाखवलं, चार गिऱ्हाईकं थांबून ऐकत होती. गूगलने तीन नावं दिली, त्यातलं एक तमिळ निघालं.

"त्ये न्हाई ओ," मामा म्हणाले.

शेवटी यूट्यूबवर जाहिरात सापडली. कायद्यावर एवढं लिहून हे सांगताना जरा ओशाळल्यासारखं होतंय, पण तीच कापून रिंगटोन करून दिली. शेवटी बाई बियाण्याचं नाव आणि पाकिटाचं वजन सांगते, ते काढू का म्हणून विचारलं. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, त्याबिगर फोन वाजल्यावानी वाटंल का?"