'गाइडमधला धागा' म्हणणाऱ्या वाचकास

'जुना विद्यार्थी' या नावानं आलेली आपली प्रतिक्रिया नीट वाचली. जुन्या इंग्रजीतल्या 'बेवुल्फ' या वीरकाव्यापासून रोमँटिक कवी वर्ड्‌स्वर्थपर्यंतच्या माझ्या लेखावर आपले आक्षेप असे: फ्रेंच राज्यक्रांतीला जागा कमी दिली; 'बेवुल्फ' १८१५पर्यंत छापलंच गेलं नव्हतं; आणि 'जुन्या कवितेचा धागा रोमँटिक कवींपर्यंत येतो हे गाइडमधलं वाक्य आहे, लेखकानं मूळ काही वाचलेलं दिसत नाही.'

मतभेदाचं मला वावडं नाही. पण हे शेवटचं वाक्य म्हणजे मत नव्हे, आरोप आहे, आणि तो आपण टोपणनावाआडून केलात. तालुक्याच्या कॉलेजात मी शिकत होतो तेव्हा ग्रंथालयात चौदाव्या शतकातल्या चॉसर या इंग्रज कवीची एकच प्रत होती आणि ती घरी नेता येत नसे. वाचनालयात बसून त्याच्या 'कँटरबरी टेल्स'चा 'प्रोलॉग' वहीत उतरवून घेतला. पुढे शिकवायला लागल्यावर वर्गात गाइड उघडू दिलं नाही, त्यावरून मुलांचा आणि वरिष्ठांचा रोषही पत्करला. अशा माणसाला 'गाइड' म्हणून हिणवायचं असेल तर आधी चार प्रश्न विचारायचे असतात.

आता धागा. 'बेवुल्फ'ची ओळ चार आघातांवर, म्हणजे जोर देऊन उच्चारलेल्या चार अक्षरांवर, उभी असते. मधे विराम, आणि दोन्ही अर्ध अनुप्रासानं बांधलेले. अक्षरांची संख्या तिथे ठरलेली नाही. १०६६नंतर नॉर्मन आले, दरबाराची भाषा फ्रेंच झाली, आणि पुढे चॉसरनं फ्रेंच-इटालियन वळणाची, अक्षरं मोजणारी ओळ इंग्रजीत रुजवली. अठराव्या शतकातल्या पोप या कवीच्या काळापर्यंत प्रतिष्ठा तिलाच होती. आघातांची चाल मात्र लोकांच्या तोंडी, बॅलडमध्ये, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लोकगीतांत, टिकून राहिली. १७६५मध्ये टॉमस पर्सीनं असे बॅलड 'रेलिक्स' या संग्रहात छापले. त्यामागची जुनी हस्तलिखित वही त्याला श्रॉपशरमध्ये एका मित्राच्या घरी मिळाली, तेव्हा घरातल्या मोलकरणी तिची पानं फाडून विस्तव पेटवत होत्या! हा प्रसंग मला आजही अस्वस्थ करतो. वही जळून गेली असती तर पुढचं किती काय घडलं असतं कोण जाणे. याच पुस्तकानं इंग्लंडच्या कवितेचा उद्धार केला, असं वर्ड्‌स्वर्थनं १८१५मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. हे त्याचं म्हणणं आहे, कुठल्या गाइडकाराचं नव्हे.

वर्ड्‌स्वर्थ आणि त्याचा मित्र कोलरिज यांच्या १७९८च्या संग्रहाचं नावच 'लिरिकल बॅलड्स'. त्यातली पहिली कविता 'एन्शंट मरिनर' कोलरिजनं मुद्दाम जुनाट शब्दांत आणि स्पेलिंगांत छापली होती. १८०२च्या 'डिजेक्शन' या कवितेच्या माथ्यावर त्यानं 'सर पॅट्रिक स्पेन्स'मधल्या ओळी दिल्या: नव्या चंद्राच्या कवेत जुना चंद्र दिसला, आता वादळ येणार. ते बॅलड पर्सीच्या संग्रहातलं. आणि १८१६मध्ये 'क्रिस्टाबेल'च्या प्रस्तावनेत तो म्हणतो की या कवितेत अक्षरं सातापासून बारापर्यंत कमीजास्त होतील, पण प्रत्येक ओळीत आघात चारच. तो याला नवं तत्त्व म्हणतो. मला त्यात इंग्रजी भाषेची मूळची चाल ऐकू येते, आणि ऐकू येते म्हणूनच मी तो लेख लिहिला.

राज्यक्रांतीवर एकच परिच्छेद आला, तो आणखी वाढवता आला असता, एवढं मान्य. पण वर्ड्‌स्वर्थ १७९१-९२मध्ये फ्रान्समध्ये होता, हे मला शिकवायची गरज नव्हती. क्रांतीनं या कवींना काय म्हणायचं ते दिलं असेल. कोणत्या चालीत म्हणायचं, हे पॅरिसहून आलं नाही. 'बेवुल्फ'च्या छपाईबद्दल एवढंच, की वर्ड्‌स्वर्थनं ते १७९८ला वाचलं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. वही जळता जळता वाचते तशीच चालही पोथीशिवाय, तोंडी, पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. पुढचं लिहायचं असेल तर 'क्रिस्टाबेल' मोठ्यानं वाचून, आघात मोजून लिहा. आणि आपल्या खऱ्या नावानं.