लेबल सगळ्यात शेवटी वाचा

थंडी पडू लागली की नागपुरात एक संदेश या गटातून त्या गटात फिरतो. इतवारीत, बर्डीवर जुन्या कपड्यांच्या ढिगात दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांची चामडी जॅकेटं सापडतात, ती लाखांना विकली जातात, आणि ओळखायला पाच खुणा पुरेत: ‘टाइप ए-२’ या अमेरिकी वैमानिकी जॅकेटाचं लेबल, टॅलन कंपनीची पितळी चेन, वर तोंड केलेला बाण, केसाळ कॉलर आणि लायटर लावला तरी न जळणारं चामडं. लेबल नसेल तर माल नकली. घरी आणल्यावर रिठ्याने धुवा आणि खोबरेल लावा, असंही त्यात असतं. यातली एकही खूण एकटी काही सिद्ध करत नाही, आणि धुण्याच्या सल्ल्याने चांगलं जॅकेट कायमचं जातं.

‘ए-२चं लेबल म्हणजे अस्सल.’ लेबल हा जॅकेटचा सगळ्यात सहज बदलता येणारा भाग आहे. चार बाजूंनी टीप मारली की काम झालं. शिवाय हौशी लोकांसाठी आज बनणाऱ्या हुबेहूब जॅकेटांवरही जुनं लेबल जसंच्या तसं विणलेलं असतं: नमुना क्रमांक ३०-१४१५, ‘डब्ल्यू ५३५ एसी’ने सुरू होणारा कंत्राट क्रमांक आणि खाली ‘प्रॉपर्टी एअर फोर्स, यू.एस. आर्मी’. म्हणून आधी बांधणी पाहायची. अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेने ए-२ हे १९३१ मध्ये स्वीकारलं आणि १९४३ मध्ये त्याची नवी कंत्राटं थांबली. त्या काळच्या जॅकेटची पाठ अखंड एका तुकड्याची असते, खांद्यामागे चुण्या नसतात. कॉलरची टोकं टिचबटणाने खाली बसतात, गळ्याशी हूक असतो, खांद्यावर पट्ट्या असतात, मनगटाला आणि कमरेला लोकरी विणीची पट्टी असते. अस्तर पातळ: सुरुवातीला रेशमी, मग सुती. पुढे झाकणाचे दोन खिसे, आणि त्यांत हात ऊबेला घालायला बाजूने वाट नाही. ती वाट दिसली तर जॅकेट महायुद्धातलं नाही, पण लगेच नकलीही म्हणू नका. अमेरिकी हवाई दलाने १९८८ मध्ये ए-२ बकरीच्या चामड्यात पुन्हा सुरू केलं आणि बाजूचे खिसे या नव्या पिढीत नंतर आले. जॅकेट खरंखुरं लष्करी असूनही महायुद्धानंतरचं असू शकतं, ही शक्यता संदेशाने विचारातच घेतलेली नाही.

बांधणी जुळली की मग लेबल वाचा, तेव्हा ते बरंच सांगतं. ‘यू.एस. एअर फोर्स’ हे स्वतंत्र दल सप्टेंबर १९४७ मध्ये झालं. हे नाव आणि १९४२ साल एकाच लेबलवर बसत नाहीत. कंत्राट क्रमांक ‘डीएसए-१००-७२-सी’ अशा धर्तीचा असेल, तर मधला ७२ हा आर्थिक वर्षाचा आकडा, म्हणजे १९७२. तेरा आकड्यांचा साठा क्रमांक (लष्करी भांडारातल्या वस्तूचा नंबर) १९७४ नंतरच येतो, त्याआधी तो अकरा आकडी होता.

‘टॅलन चेन म्हणजे युद्धकाळ.’ टॅलनने युद्धानंतरही कित्येक दशकं चेन बनवल्या. उलट, युद्धकाळातल्या ए-२वर कॉनमार आणि क्राउन या कंपन्यांच्या चेनही सापडतात. त्यातून चेन हा जॅकेटचा सगळ्यात आधी तुटणारा भाग, त्यामुळे बदललेली असण्याची शक्यता मोठी. ते तपासायला दहापट भिंग आणि तिरपा उजेड हवा. चामड्यात एकदा पडलेलं सुईचं भोक बुजत नाही. चेनच्या कडेला टिपेशेजारी रिकाम्या भोकांची दुसरी रांग दिसली, तर चेन नंतरची आहे आणि तिच्यावरून जॅकेटचं वय काढता येत नाही. भोकांची एकच रांग असेल तर चेन बहुधा मूळची, आणि मग हिशेब सोपा: जॅकेट त्याच्या सगळ्यात नव्या मूळ भागापेक्षा जुनं असू शकत नाही. वेलक्रो बाजारात आलं १९५०च्या दशकात. पॉलिएस्टरचा धागाही कपड्यांत रुळला तो त्याच दशकात. नायलॉनच्या वेटोळ्यांची चेन युद्धानंतरची.

धागा ओळखायला आतल्या शिवणीतून सुटलेलं अर्धा सेंटिमीटर टोक कापून, चिमट्यात धरून, जॅकेटपासून दूर जाळा. सुती धागा निखाऱ्यासारखा धुमसतो, जळक्या कागदाचा वास येतो, बोटाने चुरली जाणारी राख उरते. पॉलिएस्टर वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. अतिनील टॉर्चखाली निळसर पांढरा चमकणारा धागाही बहुधा युद्धानंतरचा. मात्र आजच्या धुलाई पावडरीने धुतलेलं जुनं कापडसुद्धा तसंच चमकतं, म्हणून चेनखाली दडलेली शिवण पाहा, उघडं अस्तर नको.

लायटरची खूण इथेच निकालात निघते. खऱ्या चामड्याला ज्योत लावली की ते आक्रसून काळं पडतं, आणि प्लास्टिकचा थर दिलेलं निकृष्ट चामडंही जवळपास तसंच वागतं. चामडं पाहायचं तर खिशाच्या आत किंवा चेनमागे कापलेली कड शोधा: खाली तंतू दिसले तर चामडं, कापडाची वीण दिसली तर रेक्झिन.

‘बाण म्हणजे ब्रिटिश वैमानिकाचं जॅकेट.’ नागपुरात ही चूक सगळ्यात महाग पडते. बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण खरी, पण भारताने ती १९४७ नंतरही सोडली नाही. लष्करी गाड्यांच्या नंबरप्लेटवर आजही वर तोंड केलेला बाण आहे. युद्धकाळात ब्रिटिश हवाई दल नागपूरचा सोनेगाव विमानतळ वाटेतला थांबा म्हणून वापरत होतं हे खरं, पण आज हवाई दलाच्या मेन्टेनन्स कमांडचं मुख्यालय इथेच, वायुसेनानगरात आहे. इथल्या ढिगातला बाणाचा कपडा स्वातंत्र्यानंतरचा असण्याची शक्यता कितीतरी जास्त. बाणाच्या आजूबाजूला काय आहे ते पाहा. ‘ए.एम.’ आणि मुकुट असेल तर ब्रिटिश हवाई मंत्रालय. ‘२२सी’ने सुरू होणारा साठा क्रमांक उड्डाणाच्या कपड्यांचा. मुकुटाच्या कमानी वर गोल फुगलेल्या असतील तर १९५२ पर्यंतच्या राजवटीतला, मधोमध दबलेल्या असतील तर राणी एलिझाबेथच्या काळातला. ‘आर.आय.ए.एफ.’ ही अक्षरं मिळाली तर हात जपून लावा: भारतीय हवाई दलाच्या नावात ‘रॉयल’ होतं ते फक्त मार्च १९४५ ते जानेवारी १९५०. अशोकस्तंभाची बटणं त्यानंतरची.

केसाळ कॉलरबद्दल एवढंच, की ए-२ला ती कधी नव्हतीच. म्हणजे संदेशातली पहिली आणि चौथी खूण एका जॅकेटवर येऊच शकत नाही! केसाळ कॉलर, पाठीत चुण्या आणि बकरीचं चामडं असेल तर अमेरिकी नौदलाचं जी-१ पाहा, ‘मिल-जे-७८२३’ हा क्रमांक शोधा, तो युद्धानंतरचा. सबंध मेंढीच्या कातड्याचं, बाह्यांना चेन आणि कमरेला पट्टा असलेलं, ते ब्रिटिश अर्विन. त्याला खूप जोड दिसले म्हणून टाकून देऊ नका. युद्धात मोठी कातडी कमी पडली तेव्हा लहान तुकडे जोडूनच ती शिवली गेली.

‘लेबल नाही म्हणजे नकली.’ या वाक्यापायी खरोखर दुर्मीळ जॅकेटं रद्दीत जातात. चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरच्या अमेरिकनांनी कोलकात्याच्या शिंप्यांकडून स्वतःच्या पैशाने जॅकेटं आणि चामड्याची चिन्हं करून घेतली. त्यांवर कंत्राटाचं लेबल असणारच नाही. चामडं स्थानिक, खिसे मनासारखे, अस्तर हाताशी होतं ते. छातीवर या आघाडीचं ढालीचं चिन्ह असेल, लाल-पांढरे पट्टे, वर निळ्यावर चिनी सूर्य आणि तारा, तर चिन्हाची कड हलकेच उचलून खालचं चामडं बघा. मूळचं चिन्ह असेल तर खालचा रंग आजूबाजूपेक्षा गडद आणि न घासलेला राहतो. खाली आणि आजूबाजूला सारखाच झिजलेला असेल, तर चिन्ह हल्ली लावलंय. सुटी चिन्हं नव्याने भरपूर बनतात.

रिठा आणि खोबरेल, दोन्ही टाळा. ओलं चामडं उन्हात तापलं की त्यातले तंतू आक्रसतात, आणि पाठ पुठ्ठ्यासारखी कडक होते. तेल आत मुरतं, रंग काळवंडवतं, धाग्यावर आणि अस्तरावर उतरतं, नंतर काढता येत नाही. धूळ मऊ ब्रशने झाडा. घासल्यावर लालसर भुकटी हाताला लागली तर चामडं आतून कुजतंय, मग ते घालू नका, घडीही करू नका. रुंद खांद्याच्या हँगरला सुती कापडात लटकवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. पत्र्याखालच्या माळ्यावर तर मुळीच नको, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तिथे काय होतं ते नागपूरकरांना माहीत आहे. पावसाळ्यात दर पंधरवड्याला कॉलरखाली आणि खिशांत बुरशी पाहा. दिसली तर उघड्यावर, सावलीत, कोरड्या ब्रशने काढा.