ट्रान्सफॉर्मरने हर्ट्झ बदलत नाहीत

'अमेरिकेतलं जुनं बेंडिक्स किंवा मेटॅग वॉशिंग मशीन ट्रान्सफॉर्मर लावला की आपल्याकडे चालतं' हे जुन्या मशीनवरच्या एका लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे १२० करतो, आपल्या ५० हर्ट्झचे तिथले ६० करत नाही (हर्ट्झ म्हणजे वीज सेकंदाला किती आवर्तनं घेते ते). त्यामुळे तिथली इंडक्शन मोटर (जिचा वेग हर्ट्झवर ठरतो) इथे सुमारे १७ टक्के हळू फिरते, जास्त करंट खेचते आणि तापते. पुली बदलून वेग भरून निघतो, पण मोटरवरचा भार वाढतोच. त्यात आपल्या विदर्भातल्या गावात कृषिपंप सुरू होऊन व्होल्टेज १८० वर आलं, की मोटरचा जोर ६० टक्क्यांवर येतो. ओल्या चादरींचा ड्रम हलत नाही, मोटर नुसती गुणगुणते. तेव्हा लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधलं तारेचं वेटोळं, जळालंच म्हणून समजा.

शौकच असेल तर १९४८ चं ब्रिटिश हूवर ०३०७ मशीन पाहा, वर हाताने फिरवायचे पिळणीचे रोलर असलेलं. मशीनवरच्या माहितीच्या प्लेटवर ५० हर्ट्झ आहे ना, तेवढं वाचून घ्या. जुन्या वायरचं रबर तडकलेलं असतं. ती काढून तीन तारांची नवी टाका आणि पत्र्याला अर्थिंग द्याच. ड्रायर मात्र कशाला? मे महिन्यात इथे दोरीवरची चादर बघता बघता वाळते.