विलायती कांदा आणि रात्रीचा बल्ब

“इंग्लंडच्या एल्सा क्रेग कांद्याचं बी लावा, एकेक कांदा किलोचा. दोन हंगामांत बी आपल्या उन्हाला सरावतं. तोवर शेवंतीवाल्यांसारखे रात्री बल्ब लावा. डेंगळेही (फुलांचे दांडे) येत नाहीत.” खेड-शिरूरकडे फिरणारा हा फॉरवर्ड मामांपर्यंत पोचला आणि त्यांनी बी मागवलंसुद्धा. म्हणून हे लिहिणं आलं.

कडक ऊन वाढीला लागतं, पण गड्डा कधी धरायचा हे कांदा दिवसाच्या तासांवरून ठरवतो. एल्सा क्रेगला १४ ते १६ तासांचा दिवस लागतो. लंडनला जूनमध्ये साडेसोळा तास मिळतात. पुण्यात वर्षातला सगळ्यात मोठा दिवसच सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात जेमतेम ११. म्हणजे या कांद्याचा दिवस इथे उगवतच नाही! एप्रिलात शेजारच्या वावरातल्या तयार कांद्याच्या माना पडतील तेव्हा याची पात ताठ उभी, मान अंगठ्याएवढी जाड आणि खाली गड्डा नाही.

‘सरावतं’ म्हणे. बियाण्यासाठी चांगला गड्डा निवडून लावतात. गड्डाच नाही तर निवडणार काय? निवडीने वाण बदलतो, हे मान्य. आपला फुरसुंगी वाण शेतकऱ्यांनीच राखलाय. पण ती निवड आपल्या दिवसांत पोसणाऱ्या कांद्यांतूनच झाली. राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालयसुद्धा खरिपाला भीमा डार्क रेड आणि रब्बीला भीमा किरण असे वेगळे वाण सांगतं, ते उगाच नाही.

आता बल्ब. शेवंतीचं गणित नेमकं उलटं. रात्र लांबली की ती कळी धरते. मध्यरात्री दिवे लावतात ते कळी लांबवून दांडा वाढवायला. त्या उजेडावर झाड पोसत नाही, त्याला फक्त रात्र लहान वाटते. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन बघा, बाकीचं पिवळं पडलं तरी ते हिरवंच. दिवस लांबवला तर विलायती कांदा गड्डा धरेलही, एवढं अर्धसत्य यात आहे. पण ११ चे १५ तास करायला दर दहा फुटांवर ९ वॅटचा बल्ब धरला, तरी एकरी सव्वाचारशेवर बल्ब, रात्रीला १५-१६ युनिट, दोन महिन्यांत साडेनऊशेच्या आसपास. त्यातून गड्ड्याला चालना देणारा फार-रेड (गडद लालच्या पलीकडचा) प्रकाश साध्या पांढऱ्या एलईडीत नावालाच. आणि शेजाऱ्याच्या बांधालगत शेवंती असेल, तर तिची कळी अडेल ती वेगळीच.

डेंगळे थंडीने येतात, बल्बाने जात नाहीत.

मामा, डिसेंबरच्या लागणीला फुरसुंगीचंच रोप टाका. ते पाकीट परसात पेरा, झुणक्याला पात होईल.